मनोहरच्या पडद्यावरच्या अकरा खुणा

मनोहर बिघडलेल्या वस्तूला लगेच हात लावत नसे. आधी तिच्यासमोर बसायचा. विडी नाही, पान नाही, त्यामुळे बसला की नुसता बसलेलाच दिसायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचं ह्याला काही येत नाही. मग हळूच विचारायचा, "बिघडूच्या आधी तू काय बदललंस?" सगळे सांगत, काही नाही. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "कायतरी बदललां. आठव."

माझ्या होडीचं इंजिन एकदा तासाभरानं बंद पडायला लागलं. थोडा वेळ थांबलं की चालू व्हायचं, परत तासाभरानं बंद. मिस्त्रीनं तीनदा खोललं. मनोहर माझ्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसला आणि इंजिनाकडे न बघता मलाच विचारत राहिला. डिझेल कुठलं, कधी भरलं, कोणी भरलं, टाकी हलवली का. चौथ्या चहाला मला आठवलं की टाकीचं झाकण समुद्रात पडलं म्हणून मी दुसऱ्या कसल्यातरी डब्याचं घट्ट झाकण बसवलं होतं. त्यानं खिळा घेतला, झाकणाला भोक पाडलं आणि घरी गेला. टाकीत हवा जायला वाट नव्हती, एवढंच. इंजिन मग वर्षानुवर्षं चाललं. मी मात्र त्यानंतर महिनाभर मनोहरशी बोललो नाही. माझ्या होडीतली खोट दुसऱ्यानं काढावी हे मला चालत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. हे स्वतःच्या हातानं लिहितोय. नात म्हणाली, शुद्धलेखन बघते. तिला दिलं नाही.

चौथीपर्यंत मी आणि मनोहर एका बाकावर होतो. मी होडीवर गेलो, तो पुढे शिकला आणि मोठ्या बोटींवर वायरलेसचं काम करायला लागला. टकटक करून जगात कुठल्याही बोटीशी बोलायचं, तिचं बोलणं कानानं उचलायचं आणि कागदावर उतरवायचं. वीस-बावीस वर्षं केलं. मग सगळं उपग्रहावरून व्हायला लागलं, आणि बोटींना तो माणूसच नको झाला. नव्वदची सालं संपता संपता तो एक पत्र्याची पेटी घेऊन घरी आला. वाडीत त्याला सगळे वायरलेसच म्हणत. त्याचं उजव्या हाताचं बोट टेबलावर, मांडीवर, होडीच्या काठावर सारखं वाजत असे. त्याची बायको वालावलची, आमची वयनी, म्हणायची, "ह्येंचा बोट झोपेतसुद्धा बोलता. माका काय बोलता ता कळणा नाय, ताच बरां."

आता खुणांचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. समुद्रात पाण्याखाली खडप, म्हणजे खडकाळ तळ, असतं, तिथे गोबरे, तांबोशी हे चांगले मासे राहतात. वरून सगळं पाणी सारखंच. मग जागा ओळखायची कशी, तर किनाऱ्याकडे बघून. देवळाचा कळस अमुक खडकाच्या मागे आला की ती एक रेघ. दुसरीकडे दीपस्तंभ तमुक डोंगराच्या सोंडेला टेकला की ती दुसरी रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे नांगर टाकायचा. दहा हात इकडे नाही, दहा हात तिकडे नाही. ही खूण बाप मुलाला होडीत बसवून दाखवतो. बाहेर कोणाला नाही. जावयाला नाही, भावाला सुद्धा वाटण्या झाल्यावर नाही.

मनोहरच्या बापाला आमच्या वाडीतली सगळ्यात चांगली खूण ठाऊक होती. त्याला लकवा झाला तेव्हा मनोहर कुठल्यातरी परदेशी बंदरात होता. घरी पोचला तोवर बापाची जीभ गेलेली, हातही गेलेले, फक्त एक बोट थोडं हलायचं. म्हातारा खाटेवरून समुद्राकडे बोट करायचा. मनोहर महिनाभर कागद घेऊन शेजारी बसला. ह्या डोंगराकडे काय, त्या डोंगराकडे काय. बोट हलायचं आणि पडायचं. म्हातारा गेला, खूण त्याच्याबरोबर गेली. मनोहरनं मला एकदाच ते बोलून दाखवलं, तेही होडी रंगवताना, माझ्याकडे न बघता. "बापूस निरोप पाठवी होतो. जगभरच्या बोटींचे निरोप घेतलंय मी, घरचो घेवक जमलो नाय."

तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसलं की वाडीतल्या बाकीच्या खुणा तरी जाता कामा नयेत. जुन्या खुणा असलेली अकरा घरं होती, आणि बहुतेक घरांतले खूण जाणणारे म्हातारे. पोरं मुंबईला, गोव्याला. त्यानं ठरवलं, कॉम्प्युटर घ्यायचा, त्यात आपला किनारा काढायचा, आणि प्रत्येकाच्या दोन दोन रेघा त्यावर ओढून ठेवायच्या. ज्याची खूण त्याच्याच घरात, त्याच्या मुलाला किंवा नातवाला, मागेल तेव्हा दाखवायची. दुसऱ्या कोणालाही नाही.

ट्रॉलरवाल्यांची भीती सगळ्यांना होती. असल्या जागा त्यांना कळल्या तर एका हंगामात खडप साफ करतील. म्हणून कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम त्यानं घेतली ती वेगळी. क्लासमध्ये शिकवतात ती नाही. बाहेरचा कोणी आत शिरू नये एवढ्याचसाठी कुठल्या लांबच्या लोकांनी बनवलेली. तिच्या सीडीच्या डबीवर काटे फुगवलेला केंड काढलेला होता. आम्ही ते बघून खूप हसलो. केंड जाळ्यात आला तर आम्ही शिव्या देऊन परत समुद्रात फेकतो, खाल्ला तर माणूस मरतो, आणि ह्यानं तो पैसे देऊन आणला. मनोहर म्हणाला, "म्हणानच आणलंय. केंडाक कोण गिळणा नाय."

नारळ घेऊन आम्ही अकराजण त्याच्याबरोबर देवळात गेलो. मानाच्या गावकरानं देवापुढे गाऱ्हाणं घातलं, की हा मनोहर ह्या खुणा कोणाला दाखवणार नाही, कागदावर लिहिणार नाही, त्याला यश दे म्हाराजा. आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हटलं. गाऱ्हाणं झालं ते त्याच्या वचनाचं. आम्ही खरं सांगू असं कोणी म्हटलं नाही, आणि त्यानं मागितलंही नाही. त्याला ते सुचलंच नसावं.

मग एकेक दिवशी एकेकजण त्याच्या खोलीत जाऊन खूण सांगून आला. दार लावून. माझा दिवस आला तेव्हा मी पहिली रेघ खरी सांगितली आणि दुसरी खोटी.

ठरवून गेलो नव्हतो. पण तो समोर बसला, बोट थांबवून ऐकायला लागला, आणि माझ्या तोंडातून दुसऱ्या डोंगराचं नाव आलं. चार पिढ्यांची खूण. ती बंद खोलीत, दिव्याखाली, कोणाला सांगायची जीभच नाही आम्हाला. मी अजूनही म्हणतो, सांगायला नकोच होती. खरी खूण इथेही लिहिणार नाही.

त्यानंतर चित्र बिघडायला लागलं.

बिघडायचं ते खरोखरच बिघडायचं, ते काही आमच्यामुळे नाही. मी डोळ्यांनी बघितलंय. किनारा एकावर एक दोन दिसायचा, बोटभर सरकलेला. पुसलेल्या रेघा पुसल्या जात नसत. किनाऱ्यावरचा किल्ला मध्येच हिरवा व्हायचा. मग सगळं जाऊन काळा पडदा, त्यावर पांढरी इंग्रजी ओळ, आणि मशीन उभं. मनोहर त्या ओळीवर खूश असायचा. म्हणायचा, "ह्यां मशीन लपवणा नाय. पडलां तर पडलंय म्हणता, आणि खंय पडलंय ता पण सांगता." ती ओळ तो अक्षर न अक्षर वहीत उतरवायचा. वहीत फक्त मशीनची दुखणी. खुणा नाहीत.

का बिघडतं ते त्यानं मला समजावलं, आणि मला समजलंसुद्धा. पडद्यावर चित्र येतं ते आत बसवलेल्या एका कार्डामुळे. साध्या सिस्टीमीत चित्र काढणारा प्रोग्राम थेट त्या कार्डाला हात घालतो. ह्या सिस्टीमीत तसं चालत नाही. देवळात आपण गाभाऱ्याबाहेर उभे राहतो, हार भटजीच्या हातात देतो, आणि तो देवाला घालतो. तसंच. आता त्याचं कार्ड जुनं, त्याला भटजीची सवय नाही, आणि भटजीला त्या देवाची नाही.

त्याची रीत अशी, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदलली, आठ दिवस बघितलं. पडदा बदलला, आठ दिवस. कार्ड काढून त्याचे पितळी दात शाळेतल्या खोडरबरानं घासले, कारण आमच्या खाऱ्या हवेत सगळ्याला गंज चढतो. रंग कमी केले, चित्र लहान केलं. चित्र काढण्याची साधी, सावकाश तऱ्हा लावली तेव्हा मशीन पडायचं थांबलं, पण किनारा सरकलेलाच राहिला आणि रेघ ओढायला घेतली की वयनीची पेज होईपर्यंत ओढत बसायचं. दुसरं कार्ड मुंबईहून मागवलं, ते आणखी वाईट निघालं.

तालुक्याच्या गावातल्या कॉम्प्युटर क्लासचे सर एकदा आले. बघून म्हणाले, "काका, ही सिस्टीम काढून टाका. मी नेहमीची घालून देतो, अर्ध्या तासात चित्र स्वच्छ." मनोहरनं त्यांना सोलकढी दिली, भात जेवायला घातला आणि रस्त्यापर्यंत पोचवून आला. परत येऊन मला म्हणाला, "बरो माणूस. पण घराचां दार मोडलां म्हणान घराक दारच नको असां सांगता."

ज्यांनी सिस्टीम बनवली त्यांना तो फोनच्या तारेवरून पत्रं पाठवायचा. त्यांचं उत्तर यायचं, की ज्या चित्रावर मशीन पडतं ते चित्रच आम्हाला पाठवा, तरच कळेल. ते तो कसं पाठवणार? देवासमोर शब्द दिलेला. म्हणून त्यानं एक खोटा समुद्र काढला, त्यावर मनाच्या रेघा ओढल्या, तो पाठवायला म्हणून. त्या चित्रावर मशीन पडेना. दिवसभर ठेवलं, पडेना. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ रे जयराम, खोट्यो रेघो सरळ चलतत. तुमच्यो खऱ्यो घातल्यो की उलथता."

मी चहा पीत होतो.

पुढे त्याला कळलं की खोट्या चित्रात रेघा कमी होत्या म्हणून ते चालत होतं. पण ते पुढे.

मशीन मोडकंतोडकं चित्र दाखवायचं तरी, तो झाकायच्या आत, दोन रेघा कापतात तिथल्या फुल्या मला दिसायच्या. आमच्या अकरातल्या धोंडूची फुली डोंगरावर पडायची. एकाची खाडीच्या तोंडात, जिथे ओहोटीला गुडघाभर पाणी. दोघांच्या रेघा एकमेकींना कापतच नसत, बाजूबाजूनं पडद्याबाहेर निघून जायच्या. धोंडूचा बाप काही डोंगरावर गोबरे मारत नव्हता. मी बघितलं आणि समजलो, की मी एकटा नाही. कोणाला विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत.

मनोहरनं त्या फुल्या बघितल्या आणि आणखी वेगानं कार्डाच्या मागे लागला. मी एकदा भीत भीत म्हटलं, की माणसांच्या सांगण्यात चूक असेल. तो हसला. "जयराम, अकरा ठिकाणी बिघाड दिसलो तरी मूळ एकच आसता. ह्यां मी बोटीवर शिकलंय. अकरा माणसां एकदम चुकूची नाय. एक कार्ड चुकतलां." तेव्हा खरं बोललो असतो तर त्याची तीन वर्षं वाचली असती. ते मला ठाऊक आहे.

मग त्याला एक वाट सापडली. त्या सिस्टीमीत एका फायलीत एक आकडा असतो. तो बदलला की चित्र काढणाऱ्याला गाभाऱ्यात थोडं जाता येतं, कार्डाला थेट हात लावता येतो. चित्र सुधारेल, पण कुलूप तेवढं सैल होईल. आकडा बदलायला एक मिनिट लागलं असतं, आणि त्याच्या खोलीत बघायला कोण होतं. पण त्यानं अकराजणांना अंगणात बोलावलं. वयनीनं लाडू केले होते. त्यानं सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "फटभर उघडू काय?"

धोंडू म्हणाला, "फटीतसून मांजर येता." बाकीचे हसले, आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी मनोहरच्या बाकावरचा. मी म्हटलं, "देवाकडे शबूद दिलंस ना? मगे पाळ." खोट्या खुणेला कुलूप लावायला मीच सगळ्यात मोठ्यानं ओरडलो. चित्र स्वच्छ झालं असतं तर माझीही फुली स्वच्छ दिसली असती, हे तेव्हा मनात होतं की नव्हतं, ते आता सांगता येत नाही.

त्यानं मान डोलावली आणि लाडवांचं ताट फिरवलं. आकडा त्यानं कधीच बदलला नाही.

त्या तीन वर्षांत अकरातले चार म्हातारे गेले. प्रत्येक वेळी मनोहर स्मशानातून परत येऊन मशीनसमोर बसायचा. म्हणायचा, निदान ह्याची तरी हय आसा. वाडीत पोरांकडे हातात मावणारी जीपीएस यंत्रं आली. ती जिथे तुम्ही आहात ती जागा सांगतात, खडप कुठे ते सांगत नाहीत. एक पोरगा बापाच्या दिवसकार्यानंतर मनोहरकडे खूण मागायला आला. मनोहरनं त्याला चित्र दाखवलं, आणि हात जोडले. म्हणाला, थोडां थांब, बाबा, मशीन अजून खरां दाखवणा नाय. पोरगा परत आला नाही.

मग परदेशातून त्या सिस्टीमीची नवी सीडी आली. नवी आवृत्ती, आणि एका ओळखीच्यानं दिलेलं तिसरं कार्ड. आधी त्यानं सीडी घातली, आठ दिवस थांबला. मग कार्ड. मला बोलावणं आलं. एकट्याला.

मी गेलो तेव्हा सकाळची उन्हं खिडकीतून पडद्यावर येत होती. त्यानं पोतं लावून खिडकी झाकली. पडद्यावर आमचा किनारा होता, एकच, दगडावर कोरल्यासारखा. किल्ला किल्ल्याच्या जागी. रेघा केसासारख्या बारीक. ह्या वेळी त्यानं माझ्यापासून काही लपवलं नाही. त्यानं चित्र मोठं केलं, लहान केलं, सरकवलं, काही हललं नाही, काही पडलं नाही. आणि धोंडूची फुली डोंगरावरच होती. खाडीतली खाडीत. त्या दोन रेघा तशाच बाजूबाजूनं बाहेर जात होत्या.

"दहा दिवस चलता," तो म्हणाला. "एकदा पडूक नाय." मग म्हणाला, "मशीन बरां आसा, जयराम."

मी म्हटलं, "बरां झालां."

बस, एवढंच. त्यानं कोणाला बोल लावला नाही, दुसऱ्या कोणाला बोलावलंही नाही. पुढच्या पावसाळ्यात तो गेला, हृदयानं. वयनीनं मशीन क्लासच्या सरांना दाखवलं. ते म्हणाले, पासवर्ड नसेल तर ह्यातलं काही कोणाला कधी मिळणार नाही, तसंच बनवलंय. जे मिळणार नाही ते काय आहे, हे वयनीला कोणी सांगितलं नाही.

पण माझ्या डोळ्यांसमोर मनोहर म्हटलं की खोलीतला येत नाही. तो येतो त्या सकाळनंतर चार-पाच दिवसांचा. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, समुद्र शांत. तो माझ्या दारात आला आणि म्हणाला, "माका तुझ्या खुणेवर न्हे. एकेक करून सगळ्यो बघतलंय. तुझ्यापासून सुरू करतंय."

माझी फुली पाण्यात पडली होती. अकरातल्या ज्या दोन-तीन पाण्यात पडल्या त्यांतली एक. म्हणून माझ्यापासून.

आम्ही निघालो. तो नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, बसला, तोंड किनाऱ्याकडे करून. पहिली रेघ खरी होती म्हणून ती धरूनच जायचं होतं, आणि त्याच रेघेवर, वाटेतच, माझी खरी जागा आहे. तिथे पोचलो तेव्हा मला पायाखाली कळलं. मला बघावं लागत नाही. इंजिन बंद करायला हात पुढे न्यायचा, एवढंच होतं. त्याला गोबरा लागला असता, निदान एक खूण त्याच्या मशीनमध्ये नीट झाली असती. मग मला सांगावं लागलं असतं, की त्या दिवशी मी खोटं बोललो.

माझा हात पुढे गेला नाही. आणखी वीस मिनिटं गेलो. तो डोंगर बघत होता. मी सांगितलेली दुसरी रेघ जुळली तेव्हा त्यानंच हात वर केला. "लागली," म्हणाला. मी नांगर टाकला.

त्यानं गरी सोडली. तळाला शिसं लागल्याचं त्याला दोरीवर कळलं असणार, तोही शेवटी गरीवाल्याचाच मुलगा. तासभर काही नाही. दोन तास काही नाही. त्यानं दोरी ओढून घेतली. शिशाला खाली ओली वाळू चिकटली होती. खडपावर वाळू चिकटत नाही. त्यानं ती वाळू अंगठ्यानं पुसली, बोटांत चोळून बघितली.

"हय तुझो बापूस गोबरे मारी होतो?"

"मारी होतो."

"बरां," तो म्हणाला, आणि शिसं परत पाण्यात सोडलं.

ऊन चढेपर्यंत आम्ही तिथेच होतो. नांगर काढ असं त्यानं म्हटलं नाही, आणि मी काढला नाही.